लॅपटॉप कोणी खोलायचा?

एखादे यंत्र किती वर्षे चालावे, हे यवतमाळकरांना बाहेरून येऊन कोणी सांगायला नको. यवतमाळ आणि मूर्तिजापूर यांच्यामधली अरुंद रुळांची गाडी, जिला सारा विदर्भ ‘शकुंतला’ म्हणतो, ती ओढणारे झेड-डी जातीचे कोळशाचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले. १९२३ साली ते कामाला लागले, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाने त्याची जागा घेईपर्यंत ते धावत राहिले. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक! आता कोळशाच्या इंजिनाच्या बॉयलरमधल्या नळ्या काही सत्तर वर्षे टिकत नाहीत. ब्रेकचे ठोकळे झिजतात, बेअरिंगे झिजतात. मग सत्तर वर्षे टिकले ते काय? टिकली ती सोय. इंजिन खोलावे, झिजलेला भाग काढावा, तसाच दुसरा बसवावा आणि पुन्हा वाफ धरावी.

आपल्याकडे ‘खोलणे’ हा शब्द आहे. पुण्यामुंबईचे लोक ‘उघडणे’ म्हणतात. पण दार उघडणे वेगळे आणि यंत्र खोलणे वेगळे, आणि मला तरी आपला शब्द अधिक नेमका वाटतो. विहिरीवरचे इंजिन, सायकल, घड्याळ, शिवणयंत्र, रेडिओ हे सारे आपण खोलत आलो. आज ज्याविषयी बोलायचे आहे तो लॅपटॉपही एक यंत्रच आहे. मग तो खोलायला माणूस का बिचकतो? त्यात थोडा दोष आपल्या भीतीचा आहे, पण बराचसा त्या यंत्राच्या इतिहासाचा आहे.

इतिहास सांगायचा तर स्क्रूपासून सुरुवात करावी लागेल. एके काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्याच्या नटात बसत नसे. १८४१ साली मँचेस्टरच्याच जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या यंत्रकाराने इंग्लंडातल्या अभियंत्यांपुढे एक सूचना मांडली: आट्यांचा कोन सर्वत्र ५५ अंश असावा आणि कोणत्या जाडीच्या स्क्रूला इंचाला किती आटे, हेही ठरलेले असावे. रेल्वे कंपन्यांनी ती उचलून धरली. गोष्ट दिसायला किरकोळ, पण एका गावात बनलेल्या यंत्राची दुरुस्ती दुसऱ्या गावात होऊ लागली ती अशा ठरावांमुळे. पुढे १९३६ साली अमेरिकेत हेन्री फिलिप्स याच्या फुलीच्या स्क्रूला पेटंट मिळाले, आणि आज आपल्या पेटीत असतो तो फुलीचा पेचकस घरोघर गेला.

आता लॅपटॉपकडे येऊ. हातात उचलून न्यावयाचा, बाजारात चांगला खपलेला पहिला संगणक १९८१ साली आला, त्याचे नाव ‘ऑस्बोर्न १’. तो बनवणारा अ‍ॅडम ऑस्बोर्न हा इंग्रज बाप आणि पोलिश आई यांचा मुलगा, पण त्याचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेले. वडील रमण महर्षींचे भक्त होते. त्याच्या संगणकाचे वजन सुमारे ११ किलो. मांडीवर कसला घेता! शिवणयंत्राच्या पेटीसारखा तो दिसे, आणि वीज भिंतीतून घ्यावी लागे. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, ‘ग्रिड कंपास’ आला. पुस्तकासारखा मिटणारा, वर पडदा आणि खाली कळफलक, हे आजचे रूप त्याने दिले. किंमत इतकी की सामान्य माणसाने त्याच्याकडे पाहूही नये. तो अमेरिकेच्या अवकाशयानातून मात्र फिरून आला. १९८५ साली तोशिबा कंपनीचा ‘टी ११००’ आला आणि मग ही जात फोफावली.

१९९० नंतरची पंधरावीस वर्षे, माझ्या मते, लॅपटॉपच्या इतिहासातला व्हिटवर्थचा काळ. या काळातले अनेक लॅपटॉप उलटे केले की पाठीवर छोटी छोटी झाकणे दिसत. एका झाकणाखाली स्मृती, म्हणजे रॅम. दुसऱ्याखाली हार्ड डिस्क. आणि बॅटरी तर खटका सरकवला की हातात. हार्ड डिस्क अडीच इंचांची ठरून गेली होती, रॅमची पट्टी ठरावीक मापाची. एका कंपनीच्या यंत्रात दुसऱ्या कंपनीची डिस्क बिनबोभाट बसे. काही कंपन्या तर दुरुस्तीचे पुस्तकच सर्वांना खुले ठेवत: कोणता स्क्रू आधी, कोणता नंतर, कोणाची लांबी किती, हे सारे त्यात चित्रांसह.

त्या पोटात असते तरी काय? शिक्षक मंडळींना हे सांगितलेच पाहिजे, कारण शाळेच्या कपाटात बंद पडलेल्या लॅपटॉपांपैकी पुष्कळांचा रोग फार मोठा नसतो.

पहिला रोग धुळीचा आणि उन्हाचा. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा कुठे जातो ते सर्वांना ठाऊक आहे; त्यात जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू. लॅपटॉपच्या आत बोटभर जाडीचा पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढून तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पातळ पत्र्यांमधून सोडतो. त्या पत्र्यांच्या तोंडाशी धूळ आणि तंतू यांची गादी बसली की हवा अडते, मुख्य चिप तापते, आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आधी मंद होते व मग बंद पडते. लोक म्हणतात, ‘जळाला.’ बहुतेकदा जळालेला नसतो, गुदमरलेला असतो. पंखा काढून ब्रशने साफ करावा. चिप आणि तांबे यांच्यामधला वाळलेला लेप पुसून नवा लावावा. तो लेप बाजारात थर्मल पेस्ट या नावाने मिळतो आणि ज्वारीच्या दाण्याएवढा पुरतो.

दुसरा रोग हार्ड डिस्कचा. जुन्या डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात. यंत्र आपटले, वीज लपकली की तिचे आयुष्य घटते. तिच्या जागी एसएसडी बसवता येते. तिच्यात फिरणारे काही नाही, नुसत्या चिपा. माप तेच, जोडणीही तीच, त्यामुळे जुनी काढून नवी सरकवायची एवढेच काम. दहा वर्षांच्या म्हाताऱ्या यंत्राला तरतरी येते ती बहुतेक याच एका बदलाने. रॅम वाढवणेही तसेच सोपे, मात्र एक खूण पाहावी. २००७ च्या सुमारास आलेली डीडीआर-३ आणि २०१४ च्या सुमारास आलेली डीडीआर-४ या दोन पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी बसत नाही. ती दाबून बसवू नये. खाच तिथे असते ती नकार देण्यासाठीच.

तिसरी बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणली. ती काही शे वेळा भरली-रिकामी झाली की थकते, हा तिचा धर्मच आहे. पण फुगलेली बॅटरी हे निराळे प्रकरण. झाकण वर उचलल्यासारखे दिसते, टचपॅड दबत नाही. अशी बॅटरी पेचकसाने उचकटू नये, टोचू नये, वाकवू नये, आग लागते. ते काम जाणत्याच्या हाती द्यावे.

खोलण्याची रीत मी थोडक्यात सांगतो. यंत्र बंद करावे, चार्जरची वायर काढावी. झाकण निघाले की सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. अंगातली स्थिर वीज चिपांना मारक असते, म्हणून आधी हात एखाद्या जमिनीत रोवलेल्या धातूच्या नळाला लावावा. स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो आतल्या पाटीत घुसतो. म्हणून पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढावा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवावा. कळफलकाची केबल कागदाच्या पट्टीसारखी असते. तिला ओढायचे नाही. तिच्यावरची इवली खिट्टी नखाने उचलली की ती आपोआप सुटते.

हे सारे मुलांनाही यावे असा विचार जगात एकदा फार जोराने झाला, आणि त्याची आपल्या देशातली पहिली परीक्षा महाराष्ट्रातच झाली, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही. अमेरिकेतले प्राध्यापक निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना जगापुढे मांडली. किंमत शंभर डॉलर ठेवू म्हणाले. प्रत्यक्षात ती दुपटीच्या घरात गेली. भारत सरकारने २००६ साली नकार दिला. तरीही २००७ च्या अखेरीस रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात या धनगरवाड्यावर, एकशिक्षकी प्राथमिक शाळेत, ही हिरवी-पांढरी यंत्रे पोचली. मुले वीस-बावीस, आणि प्रत्येकाला स्वतःचे यंत्र.

त्या यंत्राची घडण पाहण्यासारखी होती. नाव ‘एक्सओ’. आत फिरणारा एकही भाग नाही: ना हार्ड डिस्क, ना पंखा. म्हणून धूळ ओढण्याचा प्रश्नच नाही. कळफलक रबराचा, अखंड. पडदा भर उन्हात वाचता येई. आणि खोलायला साधा फुलीचा पेचकस पुरे. एखादा स्क्रू हरवलाच तर जादा स्क्रू यंत्रातच ठेवलेले. दहाबारा वर्षांच्या मुलाने ते खोलावे आणि जोडावे, हा बनवणाऱ्यांचा उघड हेतू होता. नायजेरियातल्या एका शाळेत तर मुलांनीच ‘लॅपटॉपचे इस्पितळ’ चालवले.

इतके असूनही ही योजना जगभर रुजली नाही. कारणे पुष्कळ सांगितली जातात: पैसा, राजकारण, शिक्षकांना दिलेले अपुरे शिक्षण. मला त्यात एक कारण यंत्राच्या पोटातलेही दिसते. एक्सओ खोलता येई, पण त्याची बॅटरी, त्याचा पडदा, त्याचा कळफलक हे सारे त्याच्याच मापाचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा नागपूरच्या दुकानात जाऊन ‘एक द्या’ म्हणण्याजोगे ते भाग नव्हते. शकुंतलेच्या इंजिनाला जे सत्तर वर्षे लाभले, त्यात दोन गोष्टी होत्या: ते खोलता येई, आणि बदली भाग घडवणारे वा पुरवणारे कोणी तरी होते. एक्सओला पहिली गोष्ट मिळाली, दुसरी मिळाली नाही.

गंमत अशी की त्याच सुमारास मोठ्या बाजारात उलटे घडू लागले. भाग मुबलक होते, पण पेटी बंद होत चालली. जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅपल कंपनीने पाकिटात मावेल इतका पातळ लॅपटॉप दाखवला. त्यात रॅम मुख्य पाटीवर झाळून टाकलेली, आणि बॅटरी खटक्याने निघणारी नव्हे. २०१२ साली त्याच कंपनीने बॅटरी डिंकाने चिकटवली आणि बाहेरून पाच पाकळ्यांचे स्क्रू लावले. आपल्या पेटीतला पेचकस तिथे फिरेना. मग इतरही त्या वाटेने गेले. कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. खाचा आणि झाकणे काढली की यंत्र हलके होते, पातळ होते, मजबूतही होते. प्रवास करणाऱ्याला ते हवेच असते. पण रॅमची एक चिप बिघडली तर सारी पाटीच बदला, हा हिशेब जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडणारा नाही.

याविरुद्ध चळवळही उभी राहिली. २००३ साली अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी, आपला लॅपटॉप दुरुस्त करताना पुस्तक मिळेना म्हणून, स्वतःच दुरुस्तीची पुस्तके लिहून सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली. ‘आयफिक्सिट’ ही संस्था तीच. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टल सुरू झाले. त्यावर कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एके ठिकाणी मिळावी हा उद्देश. कायद्याची सक्ती मात्र निराळी गोष्ट आहे. २०२३ साली युरोपीय संघाने बॅटऱ्यांविषयी नियम केला, की वापरणाऱ्याला ती स्वतः काढता आली पाहिजे. तो २०२७ पासून लागू व्हायचा आहे.

आणि आता नवेच कुलूप आले आहे, ते पेटीला नाही, आज्ञावलीला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साधारण २०१७-१८ च्या आधीच्या यंत्रांना आपल्यात घेत नाही. म्हणजे नवी एसएसडी, नवी रॅम, साफ केलेला पंखा, सारे ठीक, तरी यंत्र ‘जुने’. अशा यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चालते, आणि तिच्यावर मराठीतून लिहिता-वाचता येते.

तेव्हा शाळेला कोणी कार्यालयातले जुने लॅपटॉप देऊ केले, तर हारतुरे होण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी एक लॅपटॉप उलटा करून पाहावा. स्क्रू साध्या फुलीचे आहेत का? यंत्राचा नमुना क्रमांक लिहून घेऊन शहरातल्या दुकानदाराला विचारावे: याची बॅटरी मिळते का, रॅमला खाच आहे का, की झाळलेली आहे? डिस्क अडीच इंची आहे का? आणि निकामी झालेली बॅटरी शाळेमागच्या उकिरड्यात टाकू नये, कचऱ्याबरोबर जाळू तर मुळीच नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. नवी घेतानाच दुकानदाराला जुनी कुठे द्यायची ते विचारावे, आणि तोवर ती चिकटपट्टीने टोके झाकून, कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.