लमाण आणि धुरकरी

ऑस्ट्रेलियात बैलांच्या लांबच लांब जोड्या हाकणाऱ्यास ‘बुलॉकी’ म्हणत; म्हणजे नाव पडले ते बैलावरून! आपल्या परभणीकडे ते पडले ओझ्यावरून. लवण म्हणजे मीठ, आणि ते वाहणारा तो लमाण, अशी या शब्दाची रूढ व्युत्पत्ती आहे. गाडीच्या धुरेवर बसणारा धुरकरी निराळा. लमाणांच्या तांड्यात चाक नसे; शेकडो बैल, पाठीवर गोण्या आणि पुढे नायक. किनाऱ्याचे मीठ वर यावे, घाटावरचे धान्य खाली जावे. बैल वाटेतच चरत, म्हणून वाहतूक स्वस्त पडे; गवत वाळले की मात्र वाट खुंटे. १८०३ च्या असईच्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेलाही धान्यासाठी याच तांड्यांचा आधार घ्यावा लागला.

मग १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड आगगाडी परभणीवरून धावू लागली आणि लदेणीचा धंदा बसला. चालत्या कळपाचे ‘तांडा’ हे नाव आता एका जागी बसलेल्या वस्तीला मिळाले. जिंतूर-गंगाखेडकडे असे तांडे आजही आहेत. तेथली कित्येक बिऱ्हाडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. काही अजूनही बैलगाडीच घेऊन.