गळाची दोरी : रेशमापासून बुलेटप्रूफ जॅकेटापर्यंत

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज दोरी. मागच्या भागानंतर रायपुरातल्याच एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, दिवाळीत अलिबागकडे जातोय, जिताड्याला रबरी मासा टाकायचाय. दोरी कोणती घेऊ?" दुकानदाराने त्याच्यापुढे तीन रिळं ठेवली होती आणि हा गोंधळला होता. उत्तर दोन ओळींत देता येतं, पण त्या तीन रिळांमागे मोठा इतिहास आहे आणि तो कळला की निवड आपोआप होते.

आधी मासा ओळखू. परदेशी चित्रफितींत ज्याला 'बास' म्हणतात तो गोड्या पाण्यातला अमेरिकन मासा. आपला जिताडा म्हणजे आशियाई समुद्री बास. गोव्यात तो चोणक, आणि इथे रायपुरातले माझे बंगाली शेजारी त्याला भेटकी म्हणतात. खाडीच्या तोंडाशी, खडकांत, तिवरांच्या मुळांत दबा धरून बसतो.

गळाने मासे धरणं आपल्याकडे जुनंच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात, म्हणजे 1129च्या सुमारास, मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. माशांच्या जाती, त्यांना काय खाऊ घालायचं, गळ कसा टाकायचा, सगळं राजाने लिहून ठेवलं. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर लेख लिहिला, म्हणून आपल्याला ते माहीत. छत्तीसगडीत गळाला गरी म्हणतात. 'गरी खेलना' हा इथला शब्दप्रयोग मला फार आवडतो. तिथेही विनोद, इथेही खेळ!

दोरीचं मात्र रडगाणं होतं. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने 1653 मध्ये पुस्तक लिहिलं तेव्हा घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोरी करत. पुढे रेशीम आलं. गळाजवळच्या शेवटच्या तुकड्यासाठी स्पेनच्या मुर्सिया भागात एक विचित्र धंदा चाले. कोश विणायच्या बेतात असलेला रेशमाचा किडा व्हिनेगारमध्ये बुडवायचा, पोटातली रेशमाची ग्रंथी काढून ताणायची. जेमतेम फूट-दीड फुटाची पारदर्शक तार मिळे. असे तुकडे गाठी मारून जोडायचे. (आपल्या चांपा-कोरब्याच्या कोशाचा किडा निराळा, हा तुतीचा.) तार कोरडी असली की काडीसारखी तुटे, म्हणून आधी भिजवायची. रेशमी दोरीचं उलट, ती रोज वाळवली नाही तर कुजे. शल्यविशारद याच तारेने जखमाही शिवत.

28 फेब्रुवारी 1935ला ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्सच्या गटाने नायलॉन बनवलं. 1938 मध्ये कंपनीने ते जगाला दाखवलं. कॅरदर्सने त्याआधीच, 1937 मध्ये, आत्महत्या केली होती. गळवाल्यांना ही नवी दोरी मिळते न मिळते तोच महायुद्ध पेटलं. जपानी रेशीम बंद झालं आणि अमेरिकेतलं नायलॉन पॅराशूट आणि दोरखंडांकडे वळलं. सैनिकाचा जीव आधी, मासा नंतर, हे मला तरी पटतं. युद्धानंतर ते आलं ते मात्र गावोगाव पोचलं. कोकणात त्याला तंगूस म्हणतात.

आमिष फेकून ओढण्याचा खेळ तंगुसानेच सामान्य माणसाच्या हातात दिला. स्थिर रिळाचं यंत्र इलिंगवर्थने 1905 मध्येच पेटंट केलं होतं, पण त्याला शोभेल अशी स्वस्त, बारीक, न कुजणारी दोरी नव्हती.

तंगुसाचा दोष म्हणजे ताण. ते पाव हिश्श्यापर्यंत लांबतं. दूर चाळीस मीटरवर माशाने टोचा दिला तर हाताला कळत नाही. त्यावर उतारा निघाला तो हॉलंडमध्ये. 1979 मध्ये स्मिथ आणि लेमस्ट्रा यांनी पॉलिथिलीनचा अतिबळकट धागा काढायची रीत शोधली. आज बुलेटप्रूफ जॅकेट आणि शिरस्त्राणांत हा धागा आहे, आणि त्याचीच विणलेली दोरी म्हणजे तुमची 'ब्रेड'. जवळपास लांबत नाही, पाण्यावर तरंगते, तंगुसाच्या कितीतरी बारीक. तिसरं रीळ फ्लुरोकार्बन. जपानच्या कुरेहा कंपनीने 1971 मध्ये बाजारात आणलं. पाण्यात बुडतं, कमी दिसतं, घासलं तरी टिकतं.

आता माझी फजिती. 2004 मध्ये सुट्टीत रेवदंड्याला मामांकडे गेलो होतो. नवी ब्रेड, थेट आमिषाला बांधलेली. गोळी थोपवणारा धागा, मासा काय करणार! कुंडलिकेच्या खाडीत संध्याकाळी जिताडा लागला, उसळला, डोकं झटकलं आणि दोरी सुरीने कापावी तशी गेली. मामा म्हणाले, "अहो भाचेबुवा, त्याच्या गालाला धार असते. फौजेत शत्रूची हत्यारं आधी बघत नाहीत होय?" जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण खरोखरच धारदार असतं आणि जबडा कानशीसारखा. बारीक ताणलेला धागा तिथे टिकत नाही. तो मासा तोंडात तीन काट्यांचा गळ घेऊन गेला. ते मला अजून बोचतं.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितलं : रिळावर तीस पौंडांची ब्रेड, पुढे हातभर-दीड हात पन्नास-साठ पौंडांचं जाड तंगूस किंवा फ्लुरोकार्बन. जोडाची गाठ ओली करून आवळ, कारण ब्रेड निसरडी असते. इथल्या तळ्यात जलपर्णीत मरळीला बेडूक टाकशील तेव्हा नुसती ब्रेड चालेल. तिथे खडक नाही, झाडी कापायची असते.

आणखी एक. रेशीम कुजत होतं, तंगूस कुजत नाही. गेल्या वर्षी खारूनच्या काठी एक बगळा पायात गुंता घेऊन लटकलेला मी कात्रीने सोडवला. त्या तरुणाला म्हटलं, तुटलेले तुकडे डबीत भरून रायपूरला परत आण, मला दाखव.