औटकी ते आयबीपीएस

साडेतीन हाली म्हणजे तीन कलदार. निजामाच्या राजवटीत निलंगा, औराद शहाजानी, भालकी या पट्ट्यात आडतीच्या गादीवर बसणाऱ्या पोराला हा हिशेब झोपेतून उठवून विचारला तरी यावा लागे. हैदराबाद संस्थानाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार, आणि सात हालीला सहा कलदार हा ढोबळ भाव. बार्शी लाइट रेल्वे 1911 साली लातूरला पोहोचली आणि मोंढ्यातला माल बार्शीकडे, म्हणजे इंग्रजी मुलखात, सहज जाऊ लागला. तिकडून पैसा यायचा कलदारात, इकडे शेतकऱ्याची पट्टी चुकती करायची हालीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीच्या रांगेत औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, गुरुजी छडी घेऊन घोकून घेत. त्याचा उपयोग या मुलखाइतका रोकडा क्वचितच कुठे होत असेल.

रोखीच्या कामाचे या भागातले पहिले शिक्षण असे पेढीवर झाले. आधी दुकान झाडायचे, निरोप पोचवायचे. मग रुपया फरशीवर वाजवून खोटा-खरा ओळखायचा. मग कीर्द, आणि मुनिमाची खात्री पटली की खतावणी. अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्रही नव्हते. चूक झाली की ती संध्याकाळी रोकड मिळवताना सापडे आणि पगारातून कापली जाई.

हैदराबाद स्टेट बँकेचे कामकाज 5 एप्रिल 1942 रोजी सुरू झाले. संस्थानाचा कायदा आदल्या वर्षीचा. संस्थानाच्या नोटा तर 1918 पासूनच चलनात होत्या. त्या चलनाचा कारभार आता या बँकेकडे आला. निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. सरकारी कारभार उर्दूत, गिऱ्हाइकांची बोली मराठी आणि कानडी, व्यापाऱ्याच्या वह्या मोडीत. अशा ठिकाणी पैसे देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाचे निम्मे शिक्षण भाषांचेच होते, आणि ते कोणत्याही शाळेत एका ठिकाणी मिळण्यासारखे नव्हते.

या बँकेच्या छोट्या शाखांत किती रोकड पडून असे, याचा अंदाज उमरीवरून येतो. नांदेड जिल्ह्यातल्या या बाजारगावी 30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी निजामाविरुद्धच्या लढ्याच्या खर्चासाठी बँकेवर धाड घातली आणि वीस लाखांहून अधिक रक्कम नेली. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तोच हा दिवस.

हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर हालीचे दिवस भरले. 1956 साली ही बँक रिझर्व्ह बँकेकडे जाऊन ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झाली, त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात. पाठोपाठ 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले. आण्यांत विचार करणारे गिऱ्हाईक समोर आणि शंभर पैशांचा रुपया हातात, असे दुहेरी हिशेब कॅशिअरला कितीतरी दिवस करावे लागले. एका माणसाने एकाच आयुष्यात हाली, आणे आणि नवे पैसे अशी तीन गणिते शिकायची, ही वेळ सीमेवरच्या या तालुक्यांवर आली.

दुसरी वाट सहकाराची. गावच्या सोसायटीचा गटसचिव हा शेतकऱ्याला भेटणारा पहिला ‘बँकवाला’. कर्जाचा अर्ज भरण्यापासून वसुलीच्या पावतीपर्यंत सारे त्याच्याकडे. जी.डी.सी. अँड ए. ही सहकार खात्याची पदविका पास झालेल्या माणसाला तालुक्यात मान असे, कारण त्याला सोसायटीचा ताळेबंद वाचता येई आणि लेखापरीक्षकाशी बोलताही येई. पंचाला बहुधा यातले एकही जमत नसे!

खरा बदल मात्र 1976 सालचा. ऑगस्टमध्ये नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली. प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. भांडवलात केंद्राचा वाटा 50 टक्के, प्रायोजक बँकेचा 35, राज्याचा 15. ग्रामीण बँकांच्या कायद्यात एक कलम फारसे कुणाच्या लक्षात नसते: कर्मचाऱ्यांना शिकवून तयार करणे हे पहिल्या पाच वर्षांत प्रायोजक बँकेचे कर्तव्य ठरवले होते. म्हणजे पुण्यात 1935 साली नोंदलेल्या बँकेने मराठवाड्यातल्या पदवीधर पोरांना काउंटर शिकवायचे. पगार राज्य सरकारी नोकरांच्या मानाने, माणसे शक्यतो त्याच भागातली, अशी मूळ कल्पना. पगाराचा हा भेद पुढे 1990 च्या राष्ट्रीय लवादाच्या निवाड्याने मिटला. स्थानिक माणसाचा आग्रह मात्र योग्यच होता. ‘पिकाला पाणी हाय पण लाईट नाय’ या वाक्यात कर्जफेडीबद्दल काय सांगितले आहे, हे त्याला समजावून सांगावे लागत नसे.

त्या काळी शाखेत रुजू झालेल्या क्लार्कचे शिक्षण जवळून पाहण्यासारखे होते. पैसे काढण्याची स्लिप आली की आधी लेजरमध्ये शिल्लक बघायची, नोंद करायची, गिऱ्हाइकाला पितळी टोकन द्यायचे. मग नमुना सहीच्या कार्डाशी सही ताडायची. अधिकाऱ्याने पास केल्यावर स्लिप कॅशिअरकडे जाई आणि टोकनाचा नंबर पुकारला जाई. अंगठा उठवणारा खातेदार असेल तर तो स्वतः हजर हवा, पासबुकावर फोटो हवा. शंभर नोटांची गड्डी, दहा गड्ड्यांचे बंडल. ओल्या स्पंजावर बोट टेकवून मोजायचे, पट्टीवर सही आणि तारीख टाकायची. 2001 साली रिझर्व्ह बँकेने टाचण मारायला मनाई करेपर्यंत पिना उपटणे हेही रोजचेच काम. रोकड कमी भरली तर कॅशिअरने खिशातून भरायची, हा नियम जुन्या मुनिमालाही ओळखीचा वाटला असता. पुस्तकात यातले थोडेच होते. नव्या माणसाला शिकवायचा तो शेजारच्या टेबलावरचा जुना.

शाळा-कॉलेजांनी प्रयत्न केला नाही असे नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस राज्यात अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम आले आणि वाणिज्य शाखेत ‘बँकिंग’ हा दोनशे गुणांचा व्यावसायिक विषय झाला. विचार चांगला, पण नोकरी मिळवून देणारी परीक्षा वेगळीच होती. भरती बँकिंग सेवा भरती मंडळामार्फत होई, आणि तिथे धनादेशाचे प्रकार कुणी विचारत नसे. विद्यार्थ्यांना हे गणित लवकर कळले. पुस्तकी बँकिंगपेक्षा बसस्थानकाजवळच्या इन्स्टिट्यूटमधले मराठी तीस, इंग्रजी चाळीसचे टायपिंग त्यांना अधिक भरवशाचे वाटले.

30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप औसा आणि निलंगा तालुक्यांवर कोसळला. घरदुरुस्तीचे अनुदान पुढे हप्त्याहप्त्याने येत राहिले, आणि ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती अशी माणसे पासबुक घेऊन रांगेत उभी राहिली. मृताच्या वारसाशी कसे बोलावे, याचा धडा कोणत्याच प्रशिक्षण वर्गात नव्हता.

नंतरचे फार वेगाने घडले. संगणक आले, लेजर गेले, टोकने मोडीत निघाली. भरती मंडळे 2001 साली बंद झाली. 2011 पासून आयबीपीएस या बँकभरतीच्या संस्थेची सामायिक परीक्षा सुरू झाली. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये निलंग्याची पोरे बुद्धिमत्ता, अंकगणित आणि इंग्रजी घोकू लागली. ग्रामीण बँकांची परीक्षा मराठीतून देता येईल ही घोषणा 2019 ची, सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीची 2021 ची; दोन्ही फार उशिरा झाल्या. दरम्यान मराठवाडा ग्रामीण बँक 2009 साली महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, हैदराबाद बँक 1 एप्रिल 2017 रोजी भारतीय स्टेट बँकेत. क्लार्कचे नावही आता ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’. परीक्षा माणूस निवडते. काउंटर मात्र तो अजूनही शेजारच्याकडूनच शिकतो, फक्त शेजारी बसणारे कमी झाले आहेत.

आणि काउंटरच गावात गेला आहे. रिझर्व्ह बँकेने 2006 साली व्यवसाय प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली, 2014 च्या जनधन योजनेनंतर बँकमित्र गावोगाव दिसू लागला. निराधार योजनेच्या पैशासाठी अंगठा लावणारी म्हातारी आता त्याच्याकडे जाते. यंत्रावर ठसा उमटला नाही, पैसे खात्यातून गेले पण हातात आले नाहीत, तर पहिले उत्तर त्यालाच द्यावे लागते. त्याच्या शिक्षणाची सोय म्हणजे एक छोटी प्रमाणपत्र परीक्षा, आणि उत्पन्न कमिशनचे. सर्वांत गरजू खातेदारासमोर सर्वांत कमी शिकवलेला माणूस बसवण्याची ही रीत चुकीची आहे. ग्रामीण बँका उभ्या करताना कायद्याने प्रायोजक बँकेवर शिकवण्याची जबाबदारी टाकली होती. बँकमित्राच्या बाबतीतही ती बँकेवरच टाकायला हवी, आणि ते वर्ग पुण्या-मुंबईत नव्हे, निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी, चालू शाखेत भरायला हवेत.