इराणी मंडळी आणि फारसी बोलपट

इराणातील यझद व किरमान येथील जरथुष्ट्री लोकांवर जिझिया कर असे. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये धाडलेले माणेकजी लिमजी हातरिया यांच्या खटपटीने तो १८८२ मध्ये उठला. तथापि दारिद्र्यास व जाचास कंटाळून कित्येक कुटुंबे मुंबई-पुण्यास येऊन उपाहारगृहांच्या धंद्यात स्थिरावली. याच समाजातील, पुण्यास १८८६ मध्ये जन्मलेले अर्देशीर इराणी यांनी १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट काढिला. १९३२ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढून मराठीस पडद्यावर वाचा दिली. पुढल्याच वर्षी इराणी यांच्या मुंबईतील ‘इंपीरियल’ कंपनीचा ‘दुख्तर-ए-लोर’ हा पहिला फारसी बोलपट तेहरानात झळकला. ज्या भूमीत पूर्वजांस सुखाने राहता आले नाही, तिला तिचीच वाणी पडद्यावरून ऐकविण्याचा मान त्यांच्या वंशजाने मिळविला.