दोघांची काशी

गाडीचा बैल दिवसाला सात-आठ कोस चालतो. त्याहून जास्त ताणला तर त्याचा खांदा सुजतो आणि मग पुढचे चार दिवस बसून काढावे लागतात. या हिशोबानं बीड जिल्ह्यातल्या केजहून काशी दोन महिन्यांची वाट होती. नदीला उतार मिळाला नाही किंवा आख मोडला, तर त्याहूनही लांब. म्हणून निघायचं ते कार्तिकात, खरिपाची रास घरात आल्यावर आणि रब्बीची पेरणी उरकल्यावर. माघात प्रयागचं स्नान आणि मृगाच्या आधी परत. पाऊस लागला की मांजरेच्या काळ्या रानात गाडीचं चाक तुंब्यापर्यंत रुतत असे.

या गाडीत बसायची ती म्हातारी जोडपी. लेकींची लग्नं झालेली, थोरल्याच्या हाती किल्ल्या दिलेल्या, देणी-घेणी मिटवलेली. निघताना निरवानिरव होई, कारण परत येण्याची खात्री कुणालाच नसे. सगळा गाव वेशीपर्यंत पोचवायला येई आणि वयानं मोठी माणसंसुद्धा या दोघांच्या पाया पडत.

आज कॅनडाच्या पूर्व भागात निवृत्त जोडपी मोटारघर घेऊन महिनोन्महिने फिरतात. गाडीतच पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. १९९७ मध्ये जवळजवळ तेरा किलोमीटर लांबीचा पूल झाल्यापासून प्रिन्स एडवर्ड बेटावर ती थेट गाडीनं जातात; न्यूफाउंडलंडला जायचं तर नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनीहून गाडीसकट बोटीत चढतात. आपल्याकडे हे कौतुकानं सांगितलं जातं. पण संसारातून मोकळं झाल्यावर दोघांनीच चाकावरचं घर घेऊन दूर निघायचं, ही रीत मराठवाड्याला जुनी आहे.

केजच्या माणसाला देवासाठी इतकं लांब जायची गरज नव्हती, हेही खरं. पूर्वेला एका मुक्कामावर अंबाजोगाईची योगेश्वरी, तिच्या पुढे परळीचा वैजनाथ. पैठण तर दक्षिणकाशीच म्हणवतं. तरी ओढ खऱ्या काशीची होती आणि ती ओढ लावण्यात पैठणचाच हात मोठा आहे. पैठणच्या भट्ट घराण्यातले रामेश्वरभट्ट काशीला जाऊन राहिले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट, जन्म १५१३ चा. त्यांनी ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळांच्या यात्रेचा ग्रंथ लिहिला. कुठे काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, हे त्यात सांगितलेलं आहे. एकनाथांनीही आपलं भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केलं. गोदावरीकाठचं पांडित्य असं गंगेकाठी स्थिरावलं आणि मराठी यात्रेकरूला तिथे आपली भाषा बोलणारं दार मिळालं.

काशीच्या ओढीमागचं दुसरं मोठं नाव अहिल्याबाई होळकरांचं. त्यांचं माहेर चौंडी, बीड जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातलं. १७८० मध्ये त्यांनी काशी विश्वेश्वराचं मंदिर पुन्हा उभं केलं, गयेला विष्णुपद मंदिर बांधलं आणि परळीच्या वैजनाथाचाही जीर्णोद्धार केला. केजचं जोडपं परळीचं दर्शन घेऊन निघालं आणि काशी-गयेला पोचलं, तर वाटेच्या दोन्ही टोकांना त्याला एकाच बाईचं काम भेटे.

वाट नागपूरवरून जाई: पुढे जबलपूर, रीवा, मिर्झापूर. दक्षिणेतून गंगेकडे जाणाऱ्यांचा हा जुना राबता रस्ता. याच रस्त्यावर ठगांच्या टोळ्या यात्रेकरूंचे सोबती बनून दिवसेंदिवस बरोबर चालत आणि एखाद्या मुक्कामी गळ्याला रुमालाचा फास आवळत. १८३० च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं जबलपूरला ठाणं मांडून त्यांचा बीमोड केला. तोवर एकटी गाडी कुणी काढत नसे. पाच-पंचवीस गाड्यांचा संघ करून जायचं, रात्री गाड्यांचं रिंगण करून आत निजायचं. सरकारही यात्रेकरूकडे उत्पन्न म्हणूनच पाही. प्रयाग आणि गया इथे कंपनी सरकार यात्रेकर घेत असे. तो १८४० मध्ये कायद्यानं उठला.

गाडी म्हणजे तट्ट्याचं छप्पर घातलेली सवारी. तळाला कडबा, त्यावर घोंगडं, त्यावर वाकळ. आखाखाली वंगणाचा नळा टांगलेला, मागे पाण्याची घागर बांधलेली. स्वयंपाकाची व्यवस्था बाईच्या हाती आणि तिचं नियोजन बघितलं की थक्क व्हायला होतं. पहिल्या आठवड्याला दशम्या आणि धपाटे; ते संपले की ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, आणि येसर. बीड-अंबाजोगाईकडचं हे येसर, भाजलेल्या धान्य-डाळींचं आणि मसाल्याचं पीठ, पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, बैलांना पेंड घातली, तेवढ्यात जेवण होई. नागपूर ओलांडलं की ज्वारी मिळेनाशी होई आणि भाताची सवय नसलेल्या पोटांचे हाल होत. ते पोट सांभाळायचं कामही याच येसरानं केलं.

या यात्रेचा गाभा मात्र प्रयागला होता, आणि तो देवळात नव्हता. तो वेणीदानाचा विधी होता.

त्याचं मोल कळायला त्या काळातलं घर डोळ्यांपुढे आणावं लागतं. एकत्र कुटुंब, सासू-सासरे, दीर-जावा. नवरा-बायकोनं वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, दिवसा एका खोलीत बसायचं नाही. चाळीस वर्षं अशी गेलेली जोडपी प्रयागला येत. तिथे संगमावर, चारचौघांत, उपरण्याला पदराची गाठ मारून दोघं बसत. संकल्प झाला की नवऱ्यानं बायकोचे केस विंचरायचे, वेणी घालायची, फुलं माळायची आणि वेणीचं टोक दोन बोटं कापून तिच्या हाती द्यायचं. ते टोक त्रिवेणीत सोडलं की तळाशी जातं, अशी श्रद्धा. शास्त्रानं याला सौभाग्याचं दान म्हटलं. पण ज्या माणसानं आयुष्यभर औताचा रुमणा नाहीतर हिशोबाची लेखणी धरली, त्यानं बायकोच्या पिकल्या केसांतून फणी फिरवायची आणि सगळ्यांनी ते पाहायचं, याला त्या समाजात दुसरी जागा नव्हती. महाराष्ट्रातल्या बायकांनी हा विधी पिढ्यान् पिढ्या टिकवला तो केवळ शास्त्रासाठी टिकवला, असं वाटत नाही.

विधवेला हे नव्हतं. तिला त्याच संगमावर मुंडन होतं. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५-३६ मध्ये उत्तरेची यात्रा करून आल्या. उदयपूर आणि जयपूरच्या राजांनी त्यांचं आदरानं स्वागत केलं. मुलाचा दबदबा एवढा की बाकीच्यांची वाट अडवणारी राज्यं त्यांच्यासाठी दारं उघडत होती. पण जोडीनं करायचे विधी त्यांच्यासाठीही नव्हते. आणि पुष्कळांसाठी काशी मुळातच नव्हती. इतके महिने गाडी-बैल शेतातून काढणं कुळाला किंवा बलुतेदाराला परवडणारं नव्हतं. त्यांची यात्रा पायी, पंढरपूरपर्यंत. अस्पृश्य ठरवलेल्यांना तर १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण करेपर्यंत पंढरपूरच्या विठ्ठलाचंही दार बंद होतं.

काशीला पोचल्यावर एखादं आवडतं फळ किंवा भाजी कायमची सोडायची, गयेला पितरांचं श्राद्ध करायचं, क्षेत्रोपाध्यायाच्या चोपड्यात नाव, गाव, मुलं-नातवंडं लिहवून घ्यायची आणि परत फिरायचं. बरोबर गंगाजलाचे तांब्याचे गडू, तोंडाला झाळ लावलेले. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, लुटले गेले, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून आपल्या गावी, वरसईला घेऊन आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला. केज मात्र निजामाच्या राज्यात होतं. त्यामुळे इथल्या माणसाला परक्या मुलखासारखी दुहेरी सोय पाहावी लागे: घरी हाली सिक्का, बाहेर इंग्रजी कलदार. निघताना नाणं बदलून घ्यायचं आणि परतताना हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायचं.

मग आगगाडी आली. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूर-अलाहाबादवरून जोडला गेला आणि दोन महिन्यांची वाट काही दिवसांवर आली. केजला त्यासाठी वाट पाहावी लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. तेव्हापासून मांजरा उतरून कळंबमार्गे कळंब रोड स्टेशन गाठायचं, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसायचं आणि काशी. १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेनं मोटारबसची सेवाही सुरू केली, सत्तावीस गाड्यांनिशी.

रेल्वेनं यात्रा स्वस्त केली, आटोक्यात आणली आणि शेकडो नव्या घरांना खुली केली. ही मोठीच गोष्ट. पण डब्यात बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मुलगा नाहीतर पुतण्या सोबतीला. दोन महिन्यांची दोघांची चूल मात्र त्यात गेली.

केजच्या रस्त्यावर जोडप्यांच्या गाड्या त्यानंतरही दिसत राहिल्या, पण वेगळ्या. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, पहिला १९५० मध्ये प्रवरानगरला. आणि १९७२ च्या दुष्काळानं बीडच्या कोरडवाहू गावांना तिथल्या ऊसतोडीच्या वाटेला लावलं. दसरा-दिवाळी झाली की गाडीत भांडी, पीठ, कोंबड्या आणि लेकरं भरून नवरा-बायको निघतात. मुकादमाच्या वहीत त्या दोघांचा मिळून एक ‘कोयता’ होतो. उचल दोघांची, फडात राबणं दोघांचं, पाचटाच्या कोपीतली चूलही दोघांची. महिना तोच, कार्तिकाचा. काशीला जाणाऱ्या गाड्याही याच दिवसांत सुटत. फरक असा की ही जोडपी विशीतच निघतात आणि उचल फिटेपर्यंत त्यांना थांबता येत नाही. साठीनंतर हात चालेनासे झाले की त्यांनी कुठे जावं, हा प्रश्न केज तालुक्यातल्या पुष्कळ घरांत आजही उभा आहे.

अलीकडे शासनानं म्हाताऱ्यांच्या प्रवासाकडे लक्ष दिलं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली. जुलै २०२४ मध्ये साठ वर्षांवरील आणि अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली, माणशी तीस हजार रुपयांपर्यंत. मोटारघरांसाठीही २०२१ मध्ये राज्यानं कॅरव्हॅन धोरण मंजूर केलं. केजला रेल्वे अजून नाही. तरी इथून यात्रेच्या बसगाड्या सुटतात. आचारी बरोबर असतो, डिकीत गॅसची टाकी, पातेली, तांदळाची पोती. सांजवेळी एखाद्या धर्मशाळेच्या आवारात बस थांबली की पहिली पेटते ती शेगडी.

बैलगाडीच्या काळात काशीहून परत आल्यावर मावंदं असे. गाव वेशीवर वाजतगाजत घ्यायला येई, गंगापूजन होई, पंगती उठत. बरोबर आणलेल्या गंगाजलाच्या दोन गडूंतला एक त्या दिवशी फोडायचा; त्याचं पळी-पळी तीर्थ साऱ्यांना. दुसरा देवघरात, झाळ तशीच ठेवून. दोघांपैकी जो आधी जाईल त्याच्या तोंडात घालायला तो उघडत, आणि उरलेलं पाणी मेण लावून पुन्हा बंद करून मागे राहिलेल्यासाठी ठेवत.