कोंबडीचं हृदय आणि काचेचं कडं

कोंबडीच्या गर्भाचं हृदय मुद्दाम बिघडवून ते घडतं कसं हे पाहणाऱ्या प्रयोगांची कुळी सगळे ॲरिस्टॉटलपासून सांगतात. अंड्यात तिसऱ्या दिवशी उडणारा रक्ताचा ठिपका त्याने टिपला, सतराव्या शतकात माल्पिघीने भिंगाखाली त्याची चित्रं काढली, इतकं पुरे. माझ्या मते या कुळीचा मूळपुरुष काचेचं एक कडं आहे.

खुडुक कोंबडीखालचं अंडं काढून कवचाला खिडकी पाडली, तर कोवळ्या गर्भाची पाठ दिसते. हृदय घडतं पोटाकडून, बलकाच्या बाजूला. तिथे सुई पोचवायची कशी? १९५५ साली डेनिस न्यू यांनी बलकावरचा पापुद्रा गर्भासकट सोलला, वॉच ग्लासमध्ये उलटा पसरला, त्यावर कडं ठेवून कडा आत दुमडल्या आणि खाली पातळ पांढरं सोडलं. गर्भ उताणा, पापुद्रा ताणलेला, हृदय डोळ्यांसमोर!

हृदय मुळात दोन बाजूंच्या पेशींतून येतं आणि मधोमध जुळतं. जुळण्याआधी मध्ये छेद दिला, की दोन हृदयं होतात आणि दोन्ही आपापल्या ठेक्यात धडधडतात. डीहान यांनी १९५९ मध्ये याचाच अभ्यास मांडला.

आक्षेप येईल, की दोन हृदयं ग्रेपर यांनी १९०७ मध्येच दाखवली होती. मान्य, पण एखाद्याला साधलेली करामत वेगळी आणि कुणालाही शिकता येणारी रीत वेगळी. दुसरा आक्षेप जड आहे. १९८३ मध्ये मार्गारेट कर्बी आणि सहकाऱ्यांनी कवचाच्या खिडकीतूनच पाठीकडच्या चेतानलिकेच्या काठावरच्या पेशींची पट्टी काढली आणि हृदयातून निघणारी महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी वेगळ्या झाल्याच नाहीत. म्हणजे खिडकीचीही एक शाखा आहे. तरी हृदयाच्या जुळणीचा वंश मी कड्याच्याच नावावर लावतो.

आपल्याकडे ही विद्या रुजली पुण्यात. लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरोला वॅडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या गर्भावर काम केलं, १९५८ मध्ये शोधनिबंध छापला आणि पुणे विद्यापीठात विद्यार्थी घडवले. पुढे आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांनीही कोंबडीचा गर्भ अभ्यासला.

कड्याला लागतं काय? अडीचेक सेंटिमीटर व्यासाच्या नळीचा तुकडा, वॉच ग्लास, मिठाचं द्रावण, ३८ अंशांची पेटी आणि दिवसभर उबवलेलं अंडं. गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनो, चंद्रपूर-गडचिरोलीत कोंबड्यांना तोटा नाही. मुलांना हृदय जुळताना एकदा दाखवाच.