नवेगावबांध तलाव

नवेगावबांध तलाव हा महाराष्ट्रातील गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एक ऐतिहासिक सिंचन तलाव आहे. डोंगरांमधील खिंडीत मातीची पाळ बांधून तो अठराव्या शतकाच्या प्रारंभी तयार करण्यात आला. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांपैकी हा सर्वांत प्रसिद्ध तलावांत गणला जातो.

== इतिहास ==
तलावाच्या बांधणीचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. पुढे त्यांना देवत्व प्राप्त झाले आणि कोलासूर या नावाने त्यांची पूजा होऊ लागली. भोवतालच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात. त्यांनी बांधकामात कोलूला साहाय्य केले, अशी लोकश्रद्धा आहे.

कोहळी हा तलावबांधणी आणि ऊसशेतीसाठी नावाजलेला समाज आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना या प्रदेशात आणले, अशी परंपरागत कथा आहे. ब्रिटिश अमदानीत गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना जमिनीचे मालकीहक्क मिळाले आणि त्यांच्या ताब्यातील तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले.

== रचना ==
या पद्धतीत तलावाच्या बहुतेक कडा निसर्गानेच दिलेल्या असतात. मनुष्याला केवळ उताराकडील मोकळी जागा अडवावी लागते. त्यामुळे तुलनेने आखूड पाळीने मोठा जलसाठा निर्माण होतो. ब्रिटिशकालीन नोंदींनुसार नवेगावबांध तलावाचे क्षेत्र सुमारे ५ चौरस मैल (सुमारे १३ चौ.किमी.) आणि परिघ १७ मैल (सुमारे २७ किमी) होता.

मालगुजारी तलावाचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत :
* '''पाळ''' : मातीचे थरांवर थर देऊन घातलेला बांध. लाटांनी माती ढासळू नये म्हणून पाण्याकडील बाजूस दगड रचतात.
* '''तुडुम''' : पाटात पाणी सोडण्याचे द्वार.
* '''सलंग''' : जादा पाणी वाहून जाण्याचा मार्ग. तो बंद झाल्यास पाणी पाळीवरून वाहते आणि मातीची पाळ फुटते.

== सिंचन ==
या भागातील मुख्य पीक धान आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पावसाने ओढ दिल्यास लोंबी भरण्याच्या काळात पीक करपते. अशा वेळी तलावाचे एक-दोन पाणी हंगाम वाचवते. उन्हाळ्यात तलावातील गाळ काढून शेतात टाकण्याची प्रथा होती. त्यामुळे जमिनीला खत मिळे आणि तलावाची खोलीही टिकून राही.

== सद्यस्थिती ==
१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाच्या ताब्यात गेले. सामान्यतः १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, तर मोठे तलाव पाटबंधारे विभागाकडे असतात. मालकी बदलली, तरी पाळ दुरुस्त करणे, सलंग मोकळा ठेवणे आणि गाळ काढणे या दरवर्षीच्या कामांची गरज तशीच राहिली. गावपातळीवरील जुनी व्यवस्था मोडल्याने अनेक तलाव गाळाने उथळ झाले व त्यांत बेशरम वनस्पती फोफावली. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

नवेगावबांध परिसर १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट करण्यात आला. शेतीसाठी बांधलेला हा तलाव आज स्थलांतरित पाणपक्ष्यांचाही आश्रय आहे.